मागच्या कोपऱ्यातल्या दोन चापट्या

आई,

बाबांचा पाय आता बरा होतोय. प्लास्टर निघालं, काठी घेऊन ते न्हाणीघरापर्यंत जातात, आणि परवा तर गॅलरीत उभं राहून खाली पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या एका साहेबांना वरूनच सूचना देत होते. साहेबांनी मान वर करून ‘आपण कोण?’ असं विचारलं, त्यावर बाबा म्हणाले, ‘वॉचमन न्हाय, घाबरू नका.’ म्हणजे जीभ ठणठणीत आहे. पायाची काळजी उरलेली नाही. काळजी दुसरीच आहे, आणि ती सांगावी असं माणूस मला पुण्याजवळच्या मांजरीतल्या या सोसायटीत नाही, म्हणून तुला लिहितेय. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता बरीच मोठी आहे. तरी ‘आई’ असं लिहिलं की हात लहान होतो.

पाय मोडल्यापासून रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की बाबा मला एकच प्रश्न विचारत आलेत. ‘मी पत्रा वाजवला का न्हाय गं?’ मी म्हणते, वाजवला असेल ना, बाबा. ‘असंल म्हणू नगं. वाजवला का न्हाय ते सांग.’ मी तिथं नव्हते, मी काय सांगणार? मग ते आपल्या उजव्या तळव्याकडे बघत बसायचे, उलटा करून, सुलटा करून, आणि चहावर साय यायची. जेवण निम्म्यावर आलं होतं. परवा गॅसचं बटण बंद केलं की नाही हे बघायला ते एका सकाळी तीनदा स्वयंपाकघरात आले, आणि बाहेर जाताना म्हणाले, ‘डोकं गेलं माझं. आता तू लक्ष ठेवत जा.’ ज्या माणसानं आयुष्यभर दहा टनांची गाडी बोटभर अंतरानं लावली, त्यानं हे म्हणावं, हे मला ऐकवत नाही.

गुलटेकडीचं आपलं घर तुला सांगायला नको, पण मला ते पुन्हा एकदा लिहून बघायचंय. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला नळ आणि लोकांचे उंबरे, आणि मधल्या बोळातून मालकाचा तो ट्रक मागं मागं घेत आपल्या दारामागच्या मोकळ्या जागेत लावायचा. तिथं शेवटाला तीच भिंत वळून आडवी यायची. मार्केट यार्डात माल उतरवून बाबा संध्याकाळी यायचे. क्लीनर नाक्यावरच उतरून आपल्या घरी जायचा, त्यामुळे गाडीमागं उभं राहायचं काम तुझं. तू चुलीसमोरून उठून यायचीस, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला, जिथलं आरशात काहीच दिसत नाही, तिथं तू चालत असतेस. ‘या, या, या,’ म्हणत एकेका शब्दाला फाळक्यावर, गाडीच्या मागच्या पत्र्यावर, एक चापट. सावकाश. मग भिंत जवळ आली की लागोपाठ दोन चापट्या, आणि गाडी जागेवर थांबते. त्या दोन चापट्यांचा आवाज पत्र्यातून, सांगाड्यातून थेट केबिनमध्ये जायचा. बाबा म्हणायचे, कानाला नाही, पाठीला ऐकू येतो. तुझ्या पिठाचा पांढरा पंजा फाळक्यावर उठायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पंजा घेऊन गाडी साताऱ्याला, कराडला जाऊन यायची. बाबा तो कधी पुसायचे नाहीत. जयंतीला गाडी मिरवणुकीत न्यायची म्हणून तू ती बादलीभर पाण्यानं धुवायला घेतलीस, की मागचा तेवढा कोपरा ते तुला धुवू द्यायचे नाहीत, आणि तू लटकं रागावायचीस.

एकदा मी गंमत म्हणून, गाडी अजून बोळाच्या निम्म्यात असताना, दुसऱ्या बाजूनं जाऊन दोन चापट्या मारल्या. गाडी खाडकन थांबली, बाबांचं कपाळ काचेवर आपटलं. तू मला कधी मारलं नव्हतंस, त्या दिवशी पाठीत एक ठेवून दिलीस. ‘गाडीमागं खोटं वाजवायचं न्हाय. तो माणूस आपल्या हातावर गाडी सोडतो,’ म्हणालीस. संध्याकाळभर तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि निजताना मात्र माझ्या पाठीला तेल लावलंस.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही, म्हणून ते सांगते. कावीळ होऊन तू दवाखान्यातून परतलीच नाहीस. त्यानंतर बाबा पहिल्यांदा गाडी घेऊन घरी आले तेव्हा बोळाच्या तोंडाशी त्यांनी ती उलटी घेतली, निम्म्यापर्यंत आणली आणि थांबवली. इंजिन चालूच. शेजारचे काका मागं जाऊन ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून ओरडायला लागले, तरी गाडी हलेना. मी धावत केबिनपाशी गेले. बाबा सरळ बसले होते, पाठ सीटला टेकवून, आणि वाट बघत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी गाडी पुढे घेतली आणि मोठ्या रस्त्यावर नेऊन लावली. हे कितीतरी दिवस चाललं. रोज निम्म्यापर्यंत यायचं, थांबायचं, मग परत जायचं. बोळातली पोरं मला म्हणायची, तुझे बाबा भुताची वाट बघतात. मला भीती तुझी वाटत नव्हती. मला भीती अशी वाटायची की एखाद्या दिवशी मागून खरंच दोन चापट्या वाजतील, आणि मग मी काय करू? शेवटी मीच गाडीमागं उभी राहायला लागले. पहिल्या दिवशी मी वाजवलं तेव्हा बाबा खाली उतरून मागं आले, मला बघितलं आणि म्हणाले, ‘हात सपाट ठेव. बोटं जुळवून.’ एवढंच म्हणून ते नळावर तोंड धुवायला गेले, आणि बराच वेळ तोंडच धूत राहिले.

आता मी काय काम करते ते ऐक, कारण सगळं तिथंच येऊन अडकलंय. नगर रस्त्याकडच्या एका कारखान्यात आम्ही ट्रकचे प्लास्टिकचे भाग बनवतो. मी ते तपासते. बंपर, मडगार्ड, पाय ठेवायच्या पायऱ्या, आणि अलीकडे फळं-भाज्यांच्या गाड्यांच्या हौद्याच्या अख्ख्या भिंती. दोन्हीकडून प्लास्टिक, मध्ये फोम, म्हणजे आतला माल गार राहतो आणि गाडी हलकी होते. मी त्या भिंती भट्टीत भाजते, मिठाच्या फवाऱ्यात महिनाभर ठेवते, त्यांच्यावर खडी मारते, हादऱ्याच्या टेबलावर त्यांना इतकं हादरवते की बघणाऱ्याचे दात वाजावेत. त्या टिकतात. लोक म्हणतात, जुन्या गाड्या बघा, कसं लोखंड होतं, आताचं सगळं खेळण्यातलं. मला हसू येतं आणि रागही येतो. त्या लोखंडाला मी ओळखते ना. आपल्या गाडीचा फाळका खालून गंजून पापडासारखा झाला होता आणि त्याच्याच कडेनं तुझा तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला होता. हळद दाबून तू दुसऱ्या दिवशी त्याच हातानं भाकऱ्या केल्यास, आणि संध्याकाळी डाव्या हातानं पत्रा वाजवलास. म्हणून माझी पहिली प्लास्टिकची भिंत मिठाच्या फवाऱ्यातून एकही डाग न पडता बाहेर आली तेव्हा मला पहिली आठवण तुझ्या तळव्याची झाली. मी मनापासून खूश होते, आई. अजूनही मला वाटतं की ते काम चांगलं आहे.

बाबांनी ड्रायव्हिंग सोडून खूप वर्षं झाली, पण यार्ड सुटलं नाही. सकाळची बस धरून ते फळबाजारात जायचे. तिथं गाळ्यांसमोर गाड्या उलट्या लावायची जी झुंबड असते, तीत ते उगीचच उभे राहायचे. उगीच म्हणजे त्यांच्या मते नाही. ड्रायव्हर लोक त्यांना बाबा म्हणायचे, चहा पाजायचे, आणि अडचणीची जागा असली की ‘बाबा, जरा मागं बघा ओ’ म्हणून हाक मारायचे. मी नको म्हणायचे. तर म्हणायचे, ‘मग काय तुझ्या टीव्हीपुढं बसून बायकांची भांडणं बघू?’

त्या दिवशी एक नवी कोरी गाडी आली. काचा बंद, एसी चालू, आत पडद्यावर मागचं चित्र. चालवणारा पंचविशीतला मुलगा. बाबा मागच्या डाव्या कोपऱ्याला, कॅमेऱ्याच्या चित्राच्या जरासे बाहेर. त्यांनी एकेक चापट मारत गाडी मागं घेतली, माल उतरवायचा फलाट जवळ आला तशा दोन मारल्या. गाडी थांबली नाही. त्यांनी पुन्हा दोन मारल्या. मग उडी मारून एक पाय फलाटावर घेतला, दुसरा खाली राहिला. घोटा मोडला. हमाल ओरडत पुढे धावले तेव्हा कुठं गाडी थांबली. तो मुलगा खाली उतरला आणि बाबांचे हात धरून रडायला लागला, ‘बाबा, तुम्ही वाजवलंच नाही ओ. शपथ घेऊन सांगतो, वाजवलंच नाही.’ तो खोटं बोलत नव्हता, हे बाबांना दिसत होतं. चेहरा वाचायला ते आयुष्यात चुकलेले नाहीत. गाडीवर साधा चरासुद्धा नव्हता. हमालांपैकी कुणाला विचारावं तर त्या गोंगाटात कुणाचं लक्ष असणार? तेव्हापासून बाबांच्या डोक्यात हे बसलं की आपण हात उचलला असं आपल्याला नुसतं वाटलं. खरं म्हणजे आपण वाजवलंच नाही. उद्या आपण जेवलो की नाही तेही आपल्याला कळणार नाही.

दवाखान्यात मी त्या मुलाला गाडी कुठली म्हणून विचारलं आणि त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. मी तो मोठा करून बघितला. भिंतीच्या कडेला जो खाचेचा नमुना असतो तो मी हजारदा बघितलेला आहे. ती भिंत आमची होती.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यात, मागच्या आवारात तशीच गाडी उभी होती तिच्याकडे गेले. आमच्याकडे एक नवीन मुलगा लागलाय, हुशार आहे, त्याला केबिनमध्ये बसवलं, काचा लावायला सांगितल्या, एसी आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. म्हटलं, मी मागून वाजवते, ऐकू आलं की हॉर्न दे. मी मागच्या डाव्या कोपऱ्यात गेले. हात सपाट, बोटं जुळवून, दोन चापट्या. काही नाही. पुन्हा दोन. मग मी मोजणं सोडलं. नुसती मारत सुटले. आवाज माझ्या मलाच ऐकू येईना, जणू गादीवर मारतेय. तळवा लाल झाला, मनगटात कळ आली, आणि तेवढ्यात त्यानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. ‘मॅडम, आय अॅम रेडी हां. तुम्ही स्टार्ट करा.’ मी तिथंच त्या पांढऱ्या भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिले. गुळगुळीत, थंड, कुठं खरचटलेलं नाही. इतक्या परीक्षा घेतल्या मी तिच्या, आणि माझ्या आईच्या रोजच्या कामाची परीक्षा घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

आमच्या खात्याच्या साहेबांना मी सांगितलं. ते वाईट नाहीत, फक्त कोरडे आहेत. म्हणाले, ‘आपण टिकाऊपणा बघतो. ऐकू येणं आपल्या खात्यात येत नाही. आणि आता कुणी मागं उभं राहून वाजवायचंच नाही, त्यासाठी कॅमेरा आहे.’ मी म्हटलं, सर, माणसं वाजवतात. ते म्हणाले, ‘सवय जाईल हळूहळू.’ मी मागच्या कोपऱ्यांना हातभर लोखंडी पट्टी सांगाड्यापर्यंत जोडून द्यावी असं सुचवलंय. ‘बघू,’ म्हणालेत. पुण्यात ‘बघू’ म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मी सोडणार नाही, रोज जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहीन, पण ते माझं मी बघेन.

तुला विचारायचं होतं ते वेगळंच. बाबांना हे सांगू की नको? सांगितलं तर त्यांचं डोकं ठिकाणावर आहे हे त्यांना कळेल, ते जेवतील, हसतील. आणि बरा झालेला पाय घेऊन तिसऱ्या दिवशी सकाळची बस धरतील, पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन उभे राहतील. यार्डात आता तसल्या गाड्या रोज वाढताहेत. नाही सांगितलं तर ते घरात राहतील, सुरक्षित, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्वतःवरचा विश्वास हरवून विझत जातील. मी महिनाभर हे दोन्हीकडून तोलत बसले. शिवाय ती भिंत मीच पास केलेली, हेही सांगावं लागणार होतं. या दिवसांत कुठंही काही वाजलं की मी थांबते, आई. खालच्या मजल्यावर कुणी गादी झटकली, बसच्या कंडक्टरनं पत्र्यावर हात मारला, की मी जागच्या जागी उभी राहते. कंडक्टर एकदाच मारतो. मी दुसऱ्या चापटीची वाट बघत राहते आणि माझा स्टॉप जातो.

काल रविवारी सकाळी ते पुन्हा म्हणाले, ‘मी वाजवला का न्हाय गं?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं. वाजवलात, बाबा. चार वेळा वाजवलात. ती भिंत प्लास्टिकची आहे, आत फोम आहे, आवाज पुढे जातच नाही. मी स्वतः वाजवून बघितलं. ती आमच्याकडची आहे. मीच पास केली.

बाबांनी कप खाली ठेवला. मग असे हसले की काठी खाली पडली. ‘म्हंजी डोकं ठिकाणावर हाय माझं! अन् तू म्हणतीस असंल, असंल!’ मांडीवर हात मारून त्यांनी दुसरा चहा मागितला, आणि बरोबर काहीतरी खायला दे म्हणाले. मी पोहे टाकले. आतून मला ऐकू येत होतं, ते फोनवर त्या ड्रायव्हर मुलाला सांगत होते, ‘तुझी चूक न्हाय रे बाळा. माझी पण न्हाय. आमची पोरगी इंजिनीअर हाय, तिची हाय.’ आणि पुन्हा हसत होते. मला इतकं हलकं वाटलं की फोडणी जळली तरी मला कळलं नाही.

पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा ते हसत नव्हते. फोन मांडीवर ठेवलेला, आणि पाठ ताठ. त्या बोळातल्या केबिनमध्ये बसायचे तशी. ताटली समोर ठेवली तर त्यांनी ती बाजूला सारली.

‘मी चालवत होतो तव्हा असली गाडी असती तर?’ ते म्हणाले.

मी चमचा पुसून ताटलीत ठेवला.

‘मागं भिंत होती गोदामाची. ती मधी उभी असायची. रोज.’

‘बाबा, पोहे गार होतील.’

‘मला ऐकू आलं नसतं,’ ते म्हणाले. ‘मी मागंच घेत गेलो असतो.’ त्यांचा आवाज अगदी साधा होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘तिचं ऐकू आलं असतं का गं? तिचा हात लई जोराचा होता.’

मी म्हटलं, हो बाबा. आईचं आलं असतं. कसलीही भिंत असली तरी आलं असतं. त्यांनी मान हलवली, ताटली ओढून घेतली, आणि सगळे पोहे संपवले. यार्डाचं नाव मात्र काल दिवसभरात त्यांनी काढलं नाही, आणि आज सकाळी चहाच्या वेळी काही विचारलंही नाही.

हे लिहून झालं की मी फाडणार आहे, कारण बाबा चष्मा लावून घरातला प्रत्येक कागद वाचतात. पण तुला खरं सांगते. आलं नसतं, आई. मी वाजवून बघितलं होतं, आणि माझा हात अगदी तुझ्यासारखा पडतो असं बाबाच सगळ्यांना सांगत आलेत.